खाणपट्ट्याच्या आखणीआधी : कोकणचा सडा, जांभा आणि कातळशिल्पे

प्रस्तावना

जमिनीतले खनिज आणि जमिनीवरचा प्राचीन अवशेष एकाच ठिकाणी आढळला, की त्याला दुर्दैवी योगायोग म्हणून मोकळे होण्याची प्रथा खाण-उद्योगात आणि शासकीय कचेऱ्यांत रूढ आहे. वास्तविक तो बहुतेक वेळा योगायोग नसतोच. ज्या दगडासाठी किंवा धातूसाठी आजचा उद्योजक एखाद्या टेकडीपाशी येऊन पोहोचतो, त्याच वस्तूसाठी कितीतरी आधी माणूस तेथे येऊन गेलेला असतो. कर्नाटकातील हुणसगी खोऱ्यात इसामपूर येथे प्रा. के. पद्दय्या यांनी अभ्यासलेले पुराश्मयुगीन स्थळ ही स्वतःच एक दगडाची खाण होती. निसर्गतः सुट्या झालेल्या चुनखडीच्या लाद्या उचलून त्या जागच्या जागी फोडल्या जात आणि त्यांतून हातकुऱ्हाडी घडवल्या जात. राजस्थानात उदयपूरजवळ झावर येथे जस्त गाळण्यासाठी, म्हणजे खनिज तापवून त्याची वाफ खाली थंड करून धातू मिळवण्यासाठी, वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी वापरल्या जात. वापरून झालेल्या मुशींचा साठा एवढा वाढला की लोकांनी त्या रचून घरांच्या भिंती उभ्या केल्या, आणि त्याच झावरला आजही जस्ताची आधुनिक खाण चालते. विदर्भात रामटेकजवळच्या मनसरला वाकाटककालीन अवशेष आणि मँगनीजची खाण एकाच गावच्या शिवेत नांदतात. खनिजाची नवी जागा ठरवताना तेथे पुरातन काही असण्याची शक्यता गृहीत धरणे हाच त्यामुळे नियम असायला हवा, आणि 'येथे काही नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी खोदणाऱ्यावर यायला हवी. प्रत्यक्षात आपल्याकडे नेमके याच्या उलट चालते, आणि ते तसे का चालते याचा शोध घेणे हा या विषयाचा गाभा आहे.

खाण ही पुरातत्त्वाची शत्रूच आहे असेही सरसकट म्हणता येत नाही. भारतीय प्रागितिहासाचा, म्हणजे लेखनपूर्व काळाच्या अभ्यासाचा, आरंभ एका खड्ड्याच्या कडेला झाला : भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांना ३० मे १८६३ रोजी मद्रासजवळच्या पल्लावरम येथे जांभ्याच्या खडीसाठी खणलेल्या खड्ड्यात दगडी हत्यार मिळाले, आणि या भूमीवर पुराश्मयुगीन माणूस वावरला होता याची साक्ष प्रथम हाती आली. इंग्लंडमधील बॉक्सग्रोव्ह येथे वाळू-गोट्यांच्या खाणीतच सुमारे ५ लाख वर्षांपूर्वीच्या मानवाचे नडगीचे हाड १९९३ मध्ये सापडले. खाणी नसत्या तर या गोष्टी कदाचित कधीच उजेडात आल्या नसत्या. तथापि या युक्तिवादाला एक मर्यादा आहे आणि ती खाणसमर्थक सहसा सांगत नाहीत. पुरातत्त्वात वस्तूइतकेच, किंबहुना वस्तूहून अधिक, मोल तिच्या संदर्भाला असते; संदर्भ म्हणजे ती कोणत्या थरात, कोणत्या इतर वस्तूंच्या शेजारी आणि कशा स्थितीत पडलेली होती ही माहिती. यंत्राने उकरलेल्या ढिगातून हातकुऱ्हाड निवडून काढली तर कपाटात ठेवायला एक वस्तू मिळते, पण तिचे वय, तिच्या भोवतालचे हवामान आणि ती घडवणाऱ्यांचा मुक्काम यांविषयीचा पुरावा त्याच ढिगाबरोबर ट्रकमध्ये भरला गेलेला असतो. बॉक्सग्रोव्हचे महत्त्व टिकले, कारण तेथे पुरातत्त्वज्ञ थरांचा मागोवा घेत खाणीत काम करीत होते.

या साऱ्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे आणि सर्वांत निकडीचे उदाहरण मराठी वाचकाच्या अंगणातच आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या पट्ट्यात डोंगरमाथ्यांवर जांभ्याची जी सपाट, उघडी पठारे पसरली आहेत त्यांना स्थानिक बोलीत सडा म्हणतात. जांभा हा लोहयुक्त, तांबूस, सच्छिद्र खडक. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळातील अंगाडीपुरम येथे पाहून १८०७ मध्ये त्याला जे शास्त्रीय नाव दिले ते विटेच्या लॅटिन शब्दावरून आले आहे, कारण तो कापताना मऊ असतो आणि उघड्यावर आल्यावर घट्ट होतो. याच गुणामुळे कोकणातील घरे, देवळे, विहिरी आणि गडगे त्याच्या चिऱ्यांनी उभे राहिले. याच सड्यांच्या पृष्ठभागावर कोरलेली चित्रे म्हणजे कातळशिल्पे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून ती उजेडात आणली. सिंधुदुर्गात कुडोपी येथील शिल्पांचा अभ्यास सतीश लळित यांनी मांडला, तर गोव्यात कुशावती नदीकाठी उसगाळीमळ येथील शिल्पे १९९३ मध्ये डॉ. पी. पी. शिरोडकर यांनी नोंदवली. आजवर सत्तरांहून अधिक ठिकाणी मिळून दीड हजारांहून अधिक आकृत्यांची नोंद झाली असून त्यांत मासे, गवे, हत्ती, माणसे, गुंतागुंतीच्या भौमितिक रचना आणि कोकणात आज मुळीच न आढळणारा गेंडाही आहे. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत त्यांतील नऊ स्थळे दाखल झाली : रत्नागिरी जिल्ह्यातील उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील उसगाळीमळ, म्हणजेच फणसायमळ.

कशेळीच्या हत्तीपुढे उभे राहिले तरी तो एका दृष्टिक्षेपात दिसत नाही. सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद अशा त्या आकृतीच्या पोटात इतर प्राण्यांच्या कित्येक लहान आकृत्या आहेत, आणि या सर्वांच्या रेषा कातळात अगदी थोड्या खोल गेलेल्या आहेत. ऊन डोक्यावर असताना कातळाच्या काळपट खडबडीत पृष्ठभागात त्या विरून जातात. सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात खाचांमध्ये सावली भरते तेव्हाच आकार उभा राहतो. पावसाळ्यात गवत आणि शेवाळ, नंतर वाळलेले गवत आणि मातीचा पातळ थर यांमुळे वर्षातला बराच काळ ही शिल्पे झाकलेलीच असतात. याचा अर्थ व्यवहाराच्या भाषेत असा, की भर दुपारी जीपमधून येऊन सड्यावर नजर फिरवणारा आणि 'स्थळपाहणीत आक्षेपार्ह काही आढळले नाही' असा शेरा मारणारा अधिकारी पूर्ण प्रामाणिक असू शकतो आणि तरीही त्याच्या बुटाखाली शिल्प असू शकते.

आता याच सड्यावर चिरेखाण कशी चालते ते पाहावे. चिरा कापण्यासाठी सुरुंग लागत नाही; रुळांवर सरकणारे, गोल पात्याचे यंत्र आडवे-उभे काप घेत जाते आणि चौकोनी चिरे सुटे होतात. पण माथ्यावरचा टणक, ओबडधोबड थर चिऱ्याच्या कामाचा नसतो. तो आधी बाजूला काढावा लागतो, मग खालचा एकसारखा जांभा हाती येतो. कातळशिल्प असते ते नेमके या वरच्या, बाजारात कवडीची किंमत नसलेल्या थरावर. म्हणजे ज्या मालासाठी खाण काढली त्या मालात ते शिल्प जात नाही; पहिल्याच दिवशी, खरा माल दिसण्याआधीच, ते टाकाऊ डबराबरोबर कडेला ढकलले जाते. महसुली दप्तरातही त्याच्या वाट्याला अशीच उपेक्षा आलेली आहे. सातबाऱ्यावर सड्याची नोंद बहुधा पोटखराब अशी असते. पोटखराब म्हणजे पिकाखाली न येणारी, आकारणीच्या दृष्टीने निरुपयोगी जमीन. लागवडीच्या हिशेबासाठी तयार झालेला हा शब्द पुढे त्या जमिनीच्या एकूण मोलाचाच निवाडा होऊन बसला, आणि प्रकल्पासाठी जागा शोधणाऱ्याच्या नकाशावर सडा सर्वांत आधी रिकामा दिसू लागला.

कायद्याचे काय, असा प्रश्न येथे स्वाभाविक आहे. कायदे आहेत आणि ते कमजोरही नाहीत. प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ च्या व्याख्येत शंभर वर्षांहून जुन्या शिल्पांचा आणि कोरीवकामाचा समावेश होतो. २०१० च्या दुरुस्तीनुसार केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटर विनियमित, म्हणजे परवानगीविना काम न करता येणारे, आहे. याच अधिनियमाखालील १९५९ च्या नियमांत खाणकामाचा स्पष्ट उल्लेख आहे. राज्याचा १९६० चा स्वतंत्र अधिनियम आहे. परंतु या सर्व तरतुदी अधिसूचनेने संरक्षित घोषित झालेल्या स्थळापासून पुढे लागू होतात. अशी केंद्रीय स्मारके साऱ्या देशात सुमारे ३,७०० आहेत. ज्याची यादीत नोंद नाही त्याच्याभोवती १०० मीटर मोजायला प्रारंभबिंदूच नसतो. उलट बाजूला जांभा हे गौण खनिज आहे. १९५७ च्या खाण व खनिज अधिनियमाने स्थानिक बांधकामात लागणाऱ्या दगड, मुरूम, वाळू अशा पदार्थांचे नियमन राज्यांकडे सोपवले असून महाराष्ट्रात ते २०१३ च्या गौण खनिज उत्खनन नियमांनुसार जिल्हा पातळीवर चालते. एक विभाग ज्ञात स्मारके राखतो, दुसरा विभाग जमीन खणण्याची परवानगी देतो, आणि अज्ञात अवशेष या दोहोंच्या मधल्या फटीत पडतात. पर्यावरणाच्या बाजूने ही फट थोडी बुजवण्याचा प्रयत्न झाला आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेतील अर्जात प्रकल्पापासून १५ किलोमीटर परिसरातील सांस्कृतिक मूल्याच्या संरक्षित क्षेत्रांची विचारणा होते. पण तेथेही विशेषण 'संरक्षित' हेच आहे, आणि उत्तर लिहिणारा अर्जदार वा त्याने नेमलेला सल्लागार असतो.

एकदा दिलेली परवानगी नव्या ज्ञानापुढेही कशी अढळ राहते याचे सर्वांत विदारक उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातले आहे. पिलबरा भागातील जुकान खिंडीत लोहखनिजाची खाण वाढवण्यासाठी रिओ टिंटो या कंपनीला १९७२ च्या आदिवासी वारसा कायद्याखाली २०१३ मध्ये तेथील शैलाश्रय, म्हणजे कड्याच्या आडोशाला असलेली निवासस्थळे, नष्ट करण्याची संमती मिळाली. २०१४ मध्ये तेथे बचाव उत्खनन झाले. जी जागा जाणारच आहे तिच्यातील माहिती जाण्याआधी नोंदवून घेणे याला बचाव उत्खनन म्हणतात. त्यातून निष्पन्न झाले की तेथील मानवी वावर ४६,००० वर्षे मागे जातो, आणि सापडलेल्या सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या वेणीदार केसांच्या जनुकीय तपासणीत त्या केसांच्या धन्यांचे नाते आजच्या पुटू कुंटी कुर्रामा व पिनिकुरा समाजाशी जुळले. मोल कळले, परंतु संमती आधीची होती आणि नवी माहिती आल्यास ती फेरविचारात घेण्याची सोय कायद्यात नव्हती. २४ मे २०२० रोजी तेथे सुरुंग उडवले गेले. पुढे संसदीय चौकशीत उघड झाले, की खाणीच्या आखणीचे चार पर्याय कंपनीपुढे होते आणि त्यांतील तीन शैलाश्रय टाळणारे होते. चौथा निवडला तो सुमारे ८० लाख टन अधिक खनिजासाठी. मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यासह वरिष्ठांना पायउतार व्हावे लागले, समाजाची क्षमा मागितली गेली, आणि शैलाश्रय अर्थातच परत आले नाहीत. या प्रकरणात कायदा मोडला गेला नव्हता, हीच त्यातली खरी भयंकर गोष्ट आहे.

याउलट इंग्लंडमध्ये नोव्हेंबर १९९० मधील नियोजन मार्गदर्शिकेने क्रमच बदलला : पुरातत्त्वीय मूल्यमापन परवानगीनंतरच्या अटींत न ठेवता परवानगीच्या निर्णयाआधी आणले गेले आणि त्याचा खर्च विकासकाकडे गेला. प्रक्रिया पायरीपायरीची आहे. प्रथम दप्तर-अभ्यास, म्हणजे जुने नकाशे, हवाई छायाचित्रे आणि आधीच्या नोंदी तपासणे. मग पायी सर्वेक्षण. आवश्यक तेथे भूभौतिक सर्वेक्षण, म्हणजे न खणता जमिनीच्या चुंबकीय वा विद्युत गुणधर्मांतील फरकांवरून खालच्या भिंती-खड्ड्यांचा अंदाज घेणे. आणि शेवटी ठरावीक अंतरावर अरुंद चाचणी चर. या प्रत्येक पायरीवर जागा बदलणे अजून स्वस्त असते. पर्यायी जागा, खाणीच्या सीमारेषेत वळण, काही भाग न खणता राखणे, आणि यांपैकी काहीच शक्य नसेल तेव्हा बचाव उत्खनन, असा हा उतरता क्रम आहे. भारतात बहुधा शेवटच्या पायरीलाच 'पुरातत्त्व' म्हणतात. दगड-वाळूवर २००२ पासून इंग्लंडमध्ये टनामागे कर बसला आणि २०११ पर्यंत त्यातील काही भाग खाणक्षेत्रांच्या पुरातत्त्वीय अभ्यासालाही मिळाला. पीटरबरोजवळच्या विटांच्या मातीच्या खाणीत मस्ट फार्म येथे कांस्ययुगीन वस्ती घरगुती भांड्यांसह जशीच्या तशी अभ्यासता आली, त्यामागे ही तीन दशकांची शिस्त आहे. अर्थात इंग्लंडची नक्कल कोकणात जशीच्या तशी चालणार नाही. तेथे गाडलेले अवशेष शोधायचे असतात. येथे अवशेष उघड्यावर आहेत आणि तरीही दिसत नाहीत.

कोकणापुरते बोलायचे तर सर्वेक्षणाचा हंगाम, वेळ आणि माणसे या तीन गोष्टी पद्धतीइतक्याच निर्णायक ठरतात. गवत कापणीनंतर किंवा वणव्यानंतर, सकाळी वा संध्याकाळी, आणि त्या सड्यावर गुरे राखलेल्या माणसाला बरोबर घेऊन केलेली एक फेरी कित्येक उपग्रहचित्रांना भारी पडते. आजवरची बहुतेक शिल्पे गावकऱ्यांच्या सांगण्यावरूनच सापडली आहेत. त्यांच्या लेखी ती पांडवांनी काढलेली असतील किंवा एखाद्या देवस्थानाशी जोडलेली असतील, त्याने काही बिघडत नाही. देवाचे गोठणे येथे मनुष्याकृती शिल्पाच्या परिसरात होकायंत्राची सुई भरकटते, हे ज्ञान आता ग्रंथांत आले असले तरी 'ती जागा वेगळी आहे' ही जाणीव गावाला आधीपासूनच होती.

दुसरा मुद्दा हद्दीचा. चित्राभोवती चार खांब रोवून तार ओढली की संरक्षण झाले, ही समजूत सर्वांत घातक आहे. कातळशिल्पांचे वय अद्याप वादाचा विषय आहे. मध्याश्मयुगापासून, म्हणजे सुमारे दहा हजार वर्षांपासून, ऐतिहासिक काळाच्या आरंभापर्यंतचा पल्ला अभ्यासक सांगतात. कोरलेल्या रेषेत काळ मोजण्याजोगे सेंद्रिय द्रव्य उरत नाही, त्यामुळे उत्तर मिळण्याची आशा आहे ती आजूबाजूच्या सड्यावर विखुरलेल्या सूक्ष्मास्त्रांत, म्हणजे गारगोटीसारख्या दगडांच्या बोटाच्या पेराएवढ्या हत्यारांत, आणि कातळाच्या खोलगट भागांत साठलेल्या मातीत. खाणीचा पोचरस्ता, चिरे लादणारे ट्रक वळवण्याची जागा, डबराचा ढीग आणि कामगारांच्या झोपड्या याच मोकळ्या भागात येतात. चित्र वाचते आणि त्याचे वय सांगणारा पुरावा चाकांखाली चिरडला जातो. म्हणून खाणपट्ट्याच्या नकाशात खड्ड्याइतकीच रस्ता आणि ढिगाऱ्याची जागा आखून तपासली पाहिजे. उसगाळीमळसारख्या ठिकाणी, जेथे साऱ्या सांगे तालुक्यावर लोहखनिजाच्या खाणींची छाया राहिलेली आहे, एका तुकड्याचे संरक्षण आणि परिसराचे संरक्षण यांतला फरक उघड्या डोळ्यांनी कळतो. बारसूच्या सड्यावर २०२३ मध्ये तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले तेव्हा दोन वाघांमध्ये उभ्या माणसाच्या तेथील शिल्पाविषयी बोलणे वाढले. तो प्रकल्प खाणीचा नव्हता, पण जागा आधी ठरवायची आणि वारशाचा विचार विरोध झाल्यावर करायचा, हा क्रम तोच होता.

चिरेखाणींवर अनेक कुटुंबांचे पोट आहे आणि सिमेंटच्या ठोकळ्यांच्या जमान्यातही जांभ्याचे घर कोकणच्या हवेला मानवते, हे आक्षेप खरे आहेत आणि ते हलक्याने घेऊ नयेत. परंतु आधी सर्वेक्षण झाल्याने खाणी बंद पडतात हा समज निराधार आहे. सडे विस्तीर्ण आहेत, शिल्पांच्या जागा त्या मानाने मोजक्या आहेत, आणि खाण सुरू करण्याआधी तिची रेषा काही मीटर सरकवण्याचा खर्च यंत्रे उतरल्यानंतर मिळालेल्या स्थगिती आदेशाच्या खर्चापुढे नगण्य आहे. जमीनमालकाचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे. बहुतेक सडे खासगी मालकीचे आहेत, शिल्प सापडल्याने मालकाचे नुकसानच होणार असेल तर ते सापडल्याचे तो कळवणार नाही, आणि रात्रीतून एक फावडे फिरवणे सोपे असते. मोबदल्याची किंवा पर्यटनातल्या वाट्याची खात्री दिल्याशिवाय केवळ दंडाच्या धाकाने हा प्रश्न सुटणारा नाही. उक्षीला गावानेच पुढाकार घेऊन हत्तीच्या शिल्पाभोवती जांभ्याचाच गोल कठडा उभारला, याला या दृष्टीने महत्त्व आहे.

सर्वोच्च न्यायालयाने दीपक कुमार विरुद्ध हरियाणा राज्य या प्रकरणात २७ फेब्रुवारी २०१२ रोजी पाच हेक्टरांहून लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरणीय मंजुरी आवश्यक ठरवली, आणि त्यानंतर १५ जानेवारी २०१६ च्या अधिसूचनेने प्रत्येक जिल्ह्याचा सर्वेक्षण अहवाल तयार करणे व दर पाच वर्षांनी तो अद्ययावत करणे बंधनकारक झाले. कोठे खाणपट्टे देता येतील हे ज्या दस्तऐवजावरून ठरते तो हाच. त्यात भूशास्त्र, पर्जन्यमान, भूजल, वनजमीन आणि खनिजसाठा यांना मथळे आहेत; पुरातत्त्वीय अवशेषांना स्वतंत्र मथळा नाही. तो घालण्यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य पुरातत्त्व विभागाची नोंद, स्थानिक अभ्यासकांचे नकाशे आणि ग्रामपंचायतीचा ठराव एवढ्यावर पहिली यादी उभी राहू शकते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या पुढच्या अहवालात ती यावी, आणि जे सडे अद्याप कोणी पायी पाहिलेले नाहीत ते पाहून होईपर्यंत त्यांवर नवा खाणपट्टा आखला जाऊ नये, एवढी मागणी अभ्यासकांनी, ग्रामसभांनी आणि वाचकांनीही आपापल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी करावी.